‘सुट्टीत जा’ म्हणणाऱ्या माझ्या शिक्षक बंधुभगिनींस

प्राथमिक शाळांतले शिक्षक, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक. सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत 31 वर्षं पहिली ते चौथीचे वर्ग घेतले, आता निवृत्त आहे. इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा कोणतं वाक्य बोलले असेन, तर ‘सुट्टीत जा’. पोरानं करंगळी वर केली की मान न वळवता, हातातला खडू न थांबवता मी ते म्हणायचे. करंगळीला निदान वर्ग हसत नाही. दोन बोटं वर झाली की मागच्या बाजूला खसखस पिकते, म्हणून दोन बोटं सहसा वर होतच नाहीत. मला वाटायचं, माझ्या वर्गाला शिस्त आहे, पोरं घरून उरकून येतात.

हे पत्र मुलांच्या बद्धकोष्ठाबद्दल आहे. घरात आपण ‘शी’ म्हणतो, इथेही मी तोच शब्द वापरणार आहे. ‘शौच’ लिहिलं की विषय परिपत्रकात जाऊन बसतो आणि मग कुणी वाचत नाही.

माझा नातू पिंपरी-चिंचवडला असतो. पहिलीत गेला आणि दोन-तीन महिन्यांत त्याच्या चड्डीला रोज थोडी थोडी शी लागायला लागली. सुनेला वाटलं, नीट धुवत नाही. मला वाटलं, पोट बिघडलंय, कारण लागायची ती पातळच. मी आपला माझा दवाखाना उघडला: पेज, साबुदाण्याची खीर, ओवा. मुलानं औषधाच्या दुकानातून जुलाब थांबवायचं औषध आणलं. काही उपयोग झाला नाही, उलट पोर जेवेनासं झालं. मध्येच अंथरूणही ओलं करायला लागलं. ‘एवढा घोडा झालास, लाज नाही वाटत?’ हे वाक्य आमच्या घरात तिघांनी आपापल्या आवाजात म्हटलं आहे. मीही म्हटलं आहे.

मग एक दिवस वर्गात वास आला. बाईंनी त्याला दप्तर घेऊन शेवटच्या बाकावर एकट्याला बसवलं आणि घरी फोन केला. मुलांनी त्याला एक नाव ठेवलं. ते इथे लिहीत नाही, पण तुम्हाला ते ओळखायला वेळ लागणार नाही. आपल्या सगळ्यांच्या वर्गात त्या नावाचं एक पोर असतंच.

बालरोगतज्ज्ञांकडे गेलो तर त्यांनी आधी विचारलं, ‘मोठी शी किती दिवसांनी होते?’ सून म्हणाली, चार-पाच दिवसांनी. ‘तेव्हा कमोड तुंबतो का?’ सून दचकली. तुंबायचाच. एवढ्याशा पोराची एवढी शी कशी, असं ती दोनदा मला म्हणालीही होती. डॉक्टरांनी त्याला झोपवलं, बेंबीच्या खाली डावीकडे बोटांनी चाचपलं आणि माझा हात तिथे ठेवला. आत घट्ट गोळा लागत होता. ‘आजी, हे जुलाब नाहीत. हे बद्धकोष्ठ आहे.’

पातळ शी आणि बद्धकोष्ठ! मला पटेना. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना मला नातू कमी आणि माझे वर्ग जास्त आठवत होते.

शी आतड्याच्या शेवटच्या भागात, गुदाशयात, येऊन पोचली की तिथली भिंत ताणली जाते आणि ‘लागली’ असं कळतं. त्या वेळी जाता आलं तर प्रश्नच नाही. पण मुलानं आवळून धरलं की ती कळ थोड्या वेळानं ओसरते. मुलाला वाटतं, गेली. ती कुठेही जात नाही. मोठं आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं आणि ती कडक होत जाते. दुसऱ्या दिवशी कडक शी दुखवते, कधी गुदाची कातडी चिरते, रक्ताचा थेंबही दिसतो. पोर त्या दुखण्याला घाबरतं आणि पुढच्या वेळी आणखी जोरानं आवळतं. असं आठवडेच्या आठवडे चाललं की गुदाशय सैल पिशवीसारखा ताणला जातो आणि ‘लागली’ हा निरोपच नीट येईनासा होतो. मग वरून आलेली ताजी, मऊ शी त्या खड्याच्या बाजूनं झिरपत चड्डीत उतरते. गटारात धोंडा अडकला की पाणी कसं कडेकडेनं वाट काढतं, तसं. मुलाला ती उतरलेली कळतही नाही. वास सगळ्या वर्गाला येतो, त्याचं नाक मात्र त्याला सरावलेलं असतं. भरलेला गुदाशय पुढच्या मूत्राशयाला दाबतो, त्यातून अंथरूण ओलं होणं, लघवीला वारंवार लागणं, लघवीतला जंतुसंसर्ग हेही मागोमाग येतात.

म्हणजे ज्या पोराला आपण घाणेरडं, आळशी, मुद्दाम करणारं म्हणतो, त्याच्या हातात त्यातलं काहीच नसतं. हे मला 31 वर्षांत कुणी सांगितलं नाही. डीएडला आम्हाला बालमानसशास्त्राचा पेपर होता. त्यात अंगठा चोखणं होतं, खोटं बोलणं होतं, हे नव्हतं.

आणि धरून ठेवणारं मूल ओळखायचं कसं, ते तर मी रोज बघत होते. दुसरीत माझ्याकडे एक मुलगी होती. परिपाठाला सगळे ताठ उभे असताना ही पायात पाय अडकवून, चवड्यांवर उभी, अंग ताठ, चेहरा लाल. मी तिला दोनदा टोकलं, तिसऱ्यांदा ओळीबाहेर काढून उभं केलं. प्रार्थनेत नाचते म्हणून. घरी अशी मुलं पडद्यामागे, दाराआड, पलंगाच्या कोपऱ्याला धरून उभी राहतात. आयांना वाटतं, जोर करतंय बिचारं, होत नाहीये. खरं तर ते सगळा जोर लावून शी आत ठेवत असतं. हा एवढा फरक कळला असता तर त्या मुलीला मी ओळीबाहेर काढलं नसतं. ती आता तिशीत असेल.

डॉक्टरांचे निकष तसे साधे आहेत. आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी शी होणं, कळ आली तरी धरून ठेवणं, कडक किंवा दुखून होणं, खूप मोठी शी होणं, कमोड तुंबणं, मोठ्या मुलाच्या चड्डीला लागणं, तपासणीत गोळा लागणं. यातल्या दोन गोष्टी महिनाभर दिसत असतील तर ते बद्धकोष्ठ. रोज शी होते म्हणून बद्धकोष्ठ नाही, असं मात्र नसतं. रोज शेळीच्या लेंड्यांसारखे चार खडे पडणारं पोरही त्यातच येतं. डॉक्टरांच्या भिंतीवर ब्रिस्टलच्या दोन डॉक्टरांनी 1997 साली मांडलेला तक्ता आहे, सात प्रकारच्या शीची चित्रं असलेला. एक नंबर म्हणजे सुटे खडे, चार नंबर म्हणजे सोललेल्या केळ्यासारखी मऊ, सात नंबर म्हणजे नुसतं पाणी. नातवाला तो तक्ता फार आवडला. आता संडासातून बाहेर येऊन ‘आज चार नंबर!’ असं जाहीर करतो, घरात पाहुणे असले तरी. (दोन बोटं वर करायला लाजणारी आपली पिढी आणि हा!)

आता मुद्द्याचं. हे दुखणं मुलांत बहुधा तीन वळणांवर सुरू होतं: वरचं खाणं सुरू होताना, शी-शूची सवय लावताना आणि शाळा सुरू होताना. पहिली दोन घरची आहेत. तिसरं आपलं आहे.

नातवाला मी विचारलं, शाळेत का जात नाहीस? तो म्हणाला, ‘आज्जी, धुणार कोण?’

या एका प्रश्नावर मी कितीतरी रात्री विचार करत पडले. पाच-सहा वर्षांच्या पोराला घरी आई धुते. बालवाडीत मावशी असतात. पहिलीत गेल्यावर एका दिवसात ते पोर स्वतःचं स्वतः धुवायला शिकलं असं आपण गृहीत धरतो. त्यातून घरी कमोड आणि जेट, शाळेत भारतीय पद्धतीचा संडास, तांब्या किंवा पाण्याचा मग जागेवर नाही, नळ आहे पण पाणी टाकीत असेल तर. उकिडवं बसायची सवय नाही, पाय थरथरतात, चड्डी ओली होईल ही भीती. गंमत अशी की आपला भारतीय संडास शी व्हायला फार चांगला. उकिडवं बसलं की गुदमार्गाचं वळण सरळ होतं. पण ते ज्याला बसता येतं त्याला. ज्या पोराला येत नाही, त्याच्या दृष्टीनं ते अंधारं भोक आहे.

आणि आमच्या खेड्यातल्या शाळांत वेगळंच. यू-डायसचा, म्हणजे शाळेतल्या सोयींची माहिती सरकारला कळवायचा फॉर्म मी कितीदा भरलाय. मुलांसाठी संडास: आहे. मुलींसाठी: आहे. वापरात: होय. खोटं नव्हतं. फक्त मुलींच्या संडासाला कुलूप असायचं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये, कारण उघडा ठेवला तर संध्याकाळी गावातली टवाळ पोरं घाण करायची. केंद्रप्रमुख तपासणीला यायचे त्या दिवशी कुलूप निघायचं. किल्ली मागायला आठ वर्षांची मुलगी ऑफिसात जाईल का? मी बाईमाणूस, मीसुद्धा जात नव्हते. शाळेशेजारी ज्यांचं घर होतं त्यांच्याकडे जायचे. पोरींना ती सोय नव्हती, म्हणून त्या पाणीच प्यायच्या नाहीत. सकाळी भरून आणलेली बाटली संध्याकाळी तशीच परत.

कायदा मला शिकवू नका, मी प्रशिक्षणं केलेली आहेत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं आणि पुरेसं पिण्याचं पाणी लिहिलेलं आहे. ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना सहा महिन्यांची मुदत दिली होती. 15 ऑगस्ट 2014 ला लाल किल्ल्यावरून शाळांतल्या स्वच्छतागृहांची घोषणा झाली आणि मग भराभर बांधकामं झाली, हेही खरं, मी ती पाहिली आहेत. भिंती उभ्या राहिल्या. कडी, मग, बादली, साबण आणि ‘जा बाळ’ म्हणणारं माणूस एवढं राहिलं. यातलं शेवटचं तर फुकट आहे. त्याच कायद्याचं कलम 17 मानसिक छळालाही मनाई करतं. चड्डीत झालेल्या पोराला वेगळं बसवणं त्यात येतं की नाही, हे तुम्हीच ठरवा. मी माझ्यापुरतं ठरवलं आहे, आणि त्या हिशेबात मी कितीतरी वेळा दोषी आहे.

शासनानं एक गोष्ट चांगली केली, ते म्हटलं पाहिजे. 2024 मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत असा निर्णय झाला. झोपेसाठी झाला, पण पोटालाही त्याचा फायदा आहे. खाणं पोटात गेलं की मोठं आतडं हालचाल करायला लागतं, म्हणून खाऊन झाल्यावरची वेळ शीसाठी सगळ्यात सोपी. सात वाजताच्या रिक्षासाठी धावणाऱ्या पोराला ना नाश्ता मिळतो, ना ती दहा मिनिटं. पाचवीपासून पुढच्यांचं सकाळचं सत्र आहेच, त्यांचं काय हा प्रश्न उरतो. आणि मधली सुट्टी? डबा खाऊन झाल्यावर कळ येणार, तेवढ्यात घंटा होणार, आणि मी म्हणणार, ‘सुट्टीत का नाही गेलास?’

म्हणून माझी मागणी, आणि ती मागताना मला संकोच नाही. वर्गाच्या दाराजवळ एक खिळा ठोका. त्याला लाकडाचा ठोकळा किंवा पुठ्ठ्याचा पास अडकवा. ज्याला लागली त्यानं तो घेऊन जायचं, आल्यावर परत लावायचा. विचारायचं नाही, बोट दाखवायचं नाही. पहिले चार दिवस सगळा वर्ग फिरायला जाईल, हे मला माहीत आहे. पाचव्या दिवशी नवलाई संपते. एखादा रोज गणिताच्या तासालाच जात असेल तर त्याचं गणित बघा आणि पोटही बघा. केरळमध्ये 2019 पासून पाणी पिण्यासाठी शाळेत वेगळी घंटा देतात. आपण घंटा नाही दिली तरी चालेल, पण बाटली बाकावर ठेवू द्या. पहिलीच्या मुलांना जूनमध्ये अक्षरांच्या आधी संडासात नेऊन दाखवा: पाणी कुठे, मग कुठे, कडी कशी लावायची, हात कुठे धुवायचे. कपाटात दोन-चार जुन्या चड्ड्या असू द्या. आणि चड्डीत झालंच तर दार लोटून, हळू आवाजात. पालकांना फोन करताना ‘तुमच्या मुलानं घाण केली’ म्हणू नका. ‘आठ दिवसांत दोनदा असं झालं, पोट साफ होतंय का, डॉक्टरांना दाखवा’ असं म्हणा. तो एक फोन त्या पोराचे सहा महिने वाचवेल.

व्यवस्थापन समितीतल्या पालकांनो, समितीत तीनचतुर्थांश जागा तुमच्या आहेत आणि निम्मे सदस्य महिला असाव्यात असा नियम आहे. सही करून चहा पिऊन परत येऊ नका.

उपचाराबद्दलही लिहिते, कारण पालक आपल्यालाच विचारतात आणि आपण ‘मनुका द्या’ म्हणून मोकळे होतो. मनुका, पेरू, पपई, भाकरी, पालेभाजी, सालाची डाळ हे सगळं चांगलंच, आणि दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या पुढे जात असेल तर कमी करायला हवं. दुधानं पोट भरलेलं पोर भाकरी कशाला खाईल? पण आत खडा अडकून बसलेला असताना नुसतं खाणं बदलून तो निघत नाही. आधी तो मोकळा करावा लागतो. आमच्याकडे डॉक्टरांनी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली, वजनाच्या हिशेबानं, पाण्यात विरघळवून. ती आतड्यात पाणी धरून ठेवते, शी मऊ राहते. पहिले काही दिवस मोठी मात्रा, पोट मोकळं होईपर्यंत. त्या दिवसांत चड्डीत जास्तच होतं, तेव्हा आम्ही दिवाळीच्या सुट्टीत ते केलं. मग कमी मात्रा, महिनोन् महिने.

इथे घरोघरी चूक होते. आठ दिवसांत शी मऊ झाली की ‘सवय लागेल’ म्हणून औषध बंद करतात. या औषधाची सवय लागत नाही. ताणलेला गुदाशय पूर्वपदावर यायला आणि दुखण्याची भीती जायला वेळ लागतो. निदान दोन महिने तरी, बऱ्याच मुलांना सहा महिने, वर्ष. बंद करायचं तेही हळूहळू आणि डॉक्टरांना विचारून. आमचं मध्ये एकदा सुनेच्या माहेरी लग्न होतं, आठवडाभर पावडर विसरली, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

औषधाबरोबर बसायची सवय. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं, झाली तर झाली, नाही तर नाही. रागवायचं नाही, मोबाइल द्यायचा नाही. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा स्टूल. आमच्याकडे देवघरातला जुना पाट संडासात गेला, त्यावरून घरात दोन दिवस तंटा झाला. शेवटी देवाला नवीन पाट आणला.

एरंडेल, साबणाची कांडी, तेल लावलेला विड्याच्या पानाचा देठ हे मी माझ्या मुलाला केलेलं आहे, माझ्या सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला केलेलं आहे. डॉक्टर म्हणाले, जे पोर आधीच तिथल्या दुखण्याला घाबरलेलं आहे, त्याला खालून आणखी काही घालू नका. मी ऐकलं.

शंभरातल्या नव्वदहून अधिक मुलांत यामागे दुसरा आजार नसतो. पण बाळाला जन्मानंतर 48 तासांत पहिली काळी शी झाली नव्हती, पहिल्या महिन्यापासूनच त्रास आहे, पोट फुगतं, हिरवी उलटी होते, वजन-उंची वाढत नाही, पायांत ताकद नाही, असं काही असेल तर ताबडतोब डॉक्टर. थायरॉइड, आतड्याला जन्मतःच मज्जापेशी नसणं, मणक्याचे दोष अशी कारणं असू शकतात. उलट फक्त अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाला चार-पाच दिवस शी झाली नाही, पण ते हसतंखेळतं आहे, दूध पितंय आणि झाली ती मऊ झाली, तर आज्यांनी कांडी घेऊन धावू नये. हे मी मलाच सांगते आहे.

नातू आता दुसरीत आहे. पावडर अजून चालू आहे, मात्रा निम्म्यावर आली आहे. त्याच्या नव्या बाईंना सुनेनं पहिल्याच आठवड्यात भेटून सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘त्याला सांगा, विचारायची गरज नाही, उठून जायचं.’ शाळेत तो पहिल्यांदा गेला त्या दिवशी मला फोन आला. धुतलंही स्वतःच. चड्डी ओली झाली होती थोडी.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी तुम्ही वर्ग झाडून घ्याल, तोरणं लावाल, नवागतांसाठी फुगे आणाल. त्या दिवशी एक काम करा. स्टाफच्या नव्हे, मुलांच्या संडासात जा. आत जाऊन दार ओढून घ्या आणि सहा वर्षांच्या पोराच्या उंचीवरून कडीला हात पोचतो का, ते वाकून बघा.

आपली,
एक निवृत्त बाई